पंचवीस सेंटचा प्रश्न: न्याय्य म्हणजे नेमकं काय?

समजा, आज रात्री जगातली सगळी संपत्ती तुमच्या मनासारखी वाटून टाकली. तुमच्या मते कुणावर अन्याय उरला नाही. मग उद्या सकाळी काय होईल?

अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ मध्ये हाच पेच मांडला. उदाहरण घेतलं बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं. त्याचा खेळ बघायला येणारा प्रत्येक जण राजीखुशीनं २५ सेंट खास त्याच्यासाठी देतो. हंगामात १० लाख प्रेक्षक आले, तर चेंबरलेनकडे अडीच लाख डॉलर जमतात. तुमचं सुंदर वाटप मोडलं! पण यात चोरी कुणी केली? कुणी कुणाला फसवलं? नॉझिक यांचं म्हणणं, पैसा हातात आला कसा ते बघा. मार्ग सरळ असेल तर त्यातून आलेली विषमताही न्याय्यच.

हार्वर्डमधलेच त्यांचे सहकारी जॉन रॉल्स यांनी तीन वर्षं आधी वेगळाच धागा धरला होता. अंगभूत गुण आणि जन्माचं घर आपण कमावत नाही, ते वाट्याला येतं. म्हणून समाजाचे नियम ठरवताना आपण श्रीमंत की गरीब, हुशार की सामान्य, हे माहीतच नाही असं धरून चाला. यालाच ते अज्ञानाचा पडदा म्हणतात. पडद्याआडून ठरवताना माणूस तळातल्याचा विचार आधी करेल, कारण तो आपणच असू शकतो. विषमता चालेल, पण तिचा फायदा त्या तळातल्याला व्हायला हवा.

मला रॉल्स जास्त पटतात. तरी नॉझिक यांचा एक सवाल मला सोडत नाही: कमाईवर कर घेणं म्हणजे माणसाचे कामाचे तास काढून घेणं नाही का?

आता वारसाहक्क घ्या. आईवडिलांचं घर मुलाला मिळालं. नॉझिक म्हणतील, स्वखुशीनं दिलं, विषय संपला. परंपरावाद्याला त्यात पिढ्यांना बांधणारं कर्तव्य दिसतं. रॉल्स यांच्या मते संधीची समानता टिकवायची तर वारशावर कर हवा. मार्क्स आणि एंगल्स यांनी तर १८४८ मध्ये वारसाहक्कच रद्द करा अशी मागणी केली होती.

मी वारसा कराच्या बाजूनं आहे. पण ज्यांनी पोटाला चिमटा काढून ते घर बांधलं, त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही. तुम्ही कसं सांगाल? कमेंटमध्ये लिहा, मी वाचणार आहे.