गोधडीत वेळ नक्की जातो कुठे

(पडवी. सकाळचं ऊन. कापड टर्रकन फाटल्याचा आवाज.)

हा आवाज ऐकलात ना, ही आमची आत्या लुगडं फाडतेय, कात्री बाजूलाच पडलीय पण ती घेत नाही, कारण सुती कापडाला काठाजवळ छोटीशी चीर दिली की ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं, खडूनं आखायला नको आणि कात्री वाकडी जायची भीती नको. फक्त कडेला दशा सुटतात आणि कड जरा लाटेसारखी होते, म्हणून पट्ट्यांवर लगेच इस्त्री फिरवायची.

आज पाऊस नाही, लाइट आहे, म्हणून मशीनचं काम आज. गोधडी म्हणा, आमच्याकडं वाकळ म्हणतात, ती करायला महिना लागतो असं सगळे सांगतात. मी पण सांगायचो. मग एकदा वही घेऊन आत्याच्या शेजारी बसलो आणि हिशोब मांडला, तर गंमतच निघाली.

समजा पाच इंचाचे चौकोन घ्यायचे. पाव-पाव इंच शिवणीत गेलं की प्रत्येक चौकोन साडेचार इंचाचा उरतो. आडवे १२, उभे १८, असे २१६ चौकोन, म्हणजे साडेचार फूट बाय पावणेसात फूट, एका माणसाला भरपूर. आता हे एकेक करून जोडायचे म्हटले तर एका ओळीत ११ शिवणी, १८ ओळी, झाल्या १९८ शिवणी. आत्या काय करते, दोन लुगड्यांच्या न विरलेल्या भागातून पाच इंच रुंद आणि ९० इंच लांब अशा सहा-सहा पट्ट्या काढते, एक हिरवी एक लाल अशा आलटून पालटून बारा पट्ट्या लांबीत जोडते, म्हणजे फक्त ११ शिवणी, आणि मग तो अख्खा पट्टा आडवा पाच-पाच इंचावर कापते, की तयार १८ ओळी. एक ओळ सुलटी, दुसरी फिरवून उलटी, चौकट आपोआप जमते.

आता मजा बघा. १९८ शिवणी गुणिले पाच इंच म्हणजे ९९० इंच. आणि ११ शिवणी गुणिले ९० इंच म्हणजे पण ९९० इंचच! मशीन दोन्हीकडे सारखंच चाललं, साडेब्याऐंशी फूट. मग वाचलं काय? तर १८७ वेळा मशीनचा कापड दाबून धरणारा पाय, म्हणजे फूट, उचलणं, कापड ओढणं, दोरा कापणं, परत कापड लावणं. प्रत्येक वेळी चार इंच दोरा वाया जातो असं धरलं तरी जवळजवळ ६२ फूट लांब वरचा दोरा आणि तेवढाच खालच्या बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या आतल्या छोट्या रिळाचा. वेळ शिवण्यात जातच नव्हता हो, तो उठबस करण्यात जात होता.

एक काळजी मात्र घ्यायची, पट्टा आडवा कापला की शिवणीची टोकं मोकळी होतात, तिथं शिवण पक्की करणारी उलटी टीप नसते, म्हणून टाका बारीक ठेवायचा, इंचाला दहा-बारा तरी. आणि इस्त्री करताना सगळ्या शिवणी एकाच बाजूला पाडायच्या, मग एकाआड एक ओळ फिरवली की शेजारच्या ओळीच्या शिवणी उलट्या बाजूला जातात आणि जोडताना कोपरे एकमेकांत घट्ट बसतात, टाचण्या कमी लागतात.

(बोचकं सोडलं जातं. शर्टाचे, परकराचे, झबल्याचे तुकडे.)

पण सगळ्या गोधड्या दोन लुगड्यांच्या नसतात. बोचक्यात सगळं वेगवेगळं असलं की पट्ट्या निघत नाहीत. मग साखळी. दोन तुकडे जोडून झाले की दोरा कापायचाच नाही, लगेच पुढची जोडी फूटखाली सरकवायची, मागं गणपतीतल्या पताकांसारखी लांब माळ तयार होते, ती शेवटी एकदम कापायची. कापायला परदेशातले गोधडीवाले गोल ब्लेडचं कटर वापरतात, १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीनं आणलेलं, चार-सहा थर एकदम कापतं. मी आत्याला आणून दिलं. ती त्यानं पापडाच्या कडा कापते.

आता हाताचं काम, आणि खरं सांगायचं तर खरा वेळ इथं आहे. अस्तर, मधले जुने कपडे, वरचा भाग, असे थर अंथरून धावदोरा घालायचा. दोन ओळींत एक इंच अंतर ठेवलं तर ५४ ओळी गुणिले ८१ इंच, म्हणजे जवळजवळ ३६४ फूट हातानं. दीड इंच ठेवलं तर २४३ फूट. म्हणजे अंतर किती ठेवायचं हे ठरवण्यातच दिवसच्या दिवस वाचतात. आत कापूस असेल तर तो सरकून गोळा होतो, तिथं ओळी जवळ हव्यात, पण आत साड्याच असतील तर दीड इंच चालतं असं आत्याचं म्हणणं, शेजारच्या काकू मात्र हे बिलकुल मान्य करत नाहीत.

जिथं वाचवायचं नाही ती जागा म्हणजे कच्चे टाके, धावदोऱ्याआधी थर सरकू नयेत म्हणून घालायचे तात्पुरते टाके. वीतवीतभर अंतरावर सगळीकडे घालायचे. मी एकदा शहाणपणा करून फक्त कडेनं घातले, आणि अर्धी गोधडी शिवून उलटी केली तर अस्तराला हातभर चुणी. दोन संध्याकाळी उसवण्यात गेल्या.

कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघितली तर त्यांनी हा सगळा प्रकारच वेगळा सोडवलाय, आधी तुकडे जोडणं नाहीच, अस्तरावर कडेपासून एकेक तुकडा ठेवत धावदोऱ्यानं शिवत गोल गोल मध्याकडे यायचं, जोडणं आणि शिवणं एकातच. मशीन नाही, लाइट नाही, काही अडत नाही.

(संध्याकाळ. उशीत खोचलेल्या सुया.)

आत्याला जवळचं दिसत नाही आता, त्यामुळं दोरा ओवायला दहा मिनिटं लागतात. म्हणून सकाळच्या उजेडात दहा सुया ओवून घ्यायच्या, दोरा हातभरच, जास्त लांब घेतला की गुंततो. चार-पाच टाके सुईवर घ्यायचे आणि मग एकदाच ओढायची. दहावी सुई संपत आली की ती मान वर करून रस्त्याकडे बघते, नातीची शाळा सुटायची वेळ झालेली असते.

"आलीस का गं? दप्तर ठेव आधी, ही ओवून दे."