गाडीचं काम: घरी कुठवर करायचं, मिस्त्रीकडे कधी जायचं?

नमस्कार मंडळी. मे महिना, दुपारचे दोन वाजलेत, गाडीत पाच माणसं, एसी फुल, आणि मांजरसुंब्याचा घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. पहिलं काम काय? एसी बंद. दुसरं, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. घाम फुटेल, लेकरं ओरडतील, पण हीटरचा छोटा रेडिएटर इंजिनातली उष्णता ओढून घेतो. तेवढ्यात सुरक्षित जागा बघून गाडी कडेला घ्या. वाफ दिसली किंवा काटा लाल पट्ट्यात गेला तर इंजिन लगेच बंद. रेडिएटरचं झाकण किमान अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणीही ओतायचं नाही. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं, ते वाकतं किंवा त्याला तडा जातो.

आता आजचा विषय. कोणतं काम स्वतः करावं आणि कोणतं मिस्त्रीकडे द्यावं? आपली कसोटी एकच: काम चुकलं तर ते कुठे कळेल? गाडी सुरू झाली नाही, दिवा लागला नाही, म्हणजे चूक अंगणातच कळणार असेल, तर काम घरी करा. चूक ऐंशीच्या स्पीडला कळणार असेल, तर हात लावू नका.

[बोनेट उघडून, कूलंटच्या बाटलीकडे बोट]

कूलंटपासूनच, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवापासूनच सुरू करू, कारण मराठवाड्यात सगळ्यात जास्त इंजिनं इथेच मार खातात, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे आपल्या बोअरचं पाणी. बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळ्या अरुंद होतात, उष्णता बाहेर जात नाही. हिवाळ्यात काही जाणवत नाही. पारा बेचाळीसवर गेला की गाडी गरम व्हायला लागते आणि दोष थर्मोस्टॅटला, म्हणजे कूलंटची वाट उघड-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हला दिला जातो. आता बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, जारचं पाणी चालतं का? घाटात अडकलात तर इंजिन थंड झाल्यावर गॅरेजपर्यंत पोचायला कोणतंही पाणी चालतं. कायमचं मात्र नाही, कारण जारच्या पाण्यातही क्षार शिल्लक असतात आणि साध्या पाण्यात गंज रोखणारं काहीच नसतं.

कूलंट दोन प्रकारचं मिळतं. रेडी-मिक्स असेल तर त्यात थेंबभरही पाणी घालायचं नाही, तसंच ओतायचं. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. ते बॅटरीच्या दुकानात मिळतं. डब्यावर काय लिहिलंय ते न वाचता रेडी-मिक्समध्ये पुन्हा पाणी घालणारे भरपूर आहेत. रंगावर तर अजिबात जाऊ नका. दोन हिरवी कूलंटं वेगवेगळ्या रसायनांची असू शकतात, आणि न जुळणारी एकत्र आली तर आत गाळ धरतो. मॅन्युअलमध्ये दिलेलाच प्रकार घ्या.

लेव्हल सकाळी बघायची, इंजिन थंड असताना. 'लो' आणि 'फुल'च्या मध्ये हवी. एकदा भरली आणि पंधरा दिवसांत पुन्हा उतरली, तर भरत राहू नका. कुठेतरी गळतंय: होज पाइप, वॉटर पंप, झाकणाचं रबर, नाहीतर हेड गॅस्केट, म्हणजे हेडच्या खालचं सील. ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. त्याच्या आत दुधाळ खाकी चिकटा असेल तर कूलंट ऑइलमध्ये जात असण्याची दाट शक्यता आहे. मग गाडी चालवत नव्हे, टो करून न्या.

रेडिएटरच्या जाळीत कापसाची बोंडं फुटायच्या दिवसांत तंतू, किडे, धूळ अडकते. साध्या पाइपने, हलक्या धारेनं, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशरवाला गन जवळून मारला की जाळीच्या पातळ पट्ट्या (फिन्स) वाकतात आणि हवाच जात नाही.

[बॅटरी]

आपल्याकडे थंडीपेक्षा ऊन बॅटरी जास्त मारतं. तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर चार्ज पूर्ण. १२.२ म्हणजे निम्म्यावर. गाडी सुरू करून साधारण १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारा जनरेटर, बॅटरी चार्ज करतोय. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खालीवर केला जातो, तेवढं लक्षात ठेवा. गाडी सुरू असूनही १२.३ वरच अडकलं आणि तुम्ही नवी बॅटरी आणली, तर तीही चार दिवसांत बसेल. दोष चार्जिंगमध्ये आहे.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. कारण पॉझिटिव्हवर पाना असताना तो बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असेल, तर थेट शॉर्ट होतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, नीट आवळा, वरून व्हॅसलीन. गॉगल लावा, आत ॲसिड आहे. बॅटरी काढल्यावर काचांचा ऑटो फंक्शन, घड्याळ पुन्हा सेट करावं लागतं. घाबरू नका.

एअर फिल्टर तर दहा मिनिटांचं काम. चार क्लिपा किंवा स्क्रू, जुना बाहेर, नवा आत. शेतरस्त्यावर, काळ्या मातीच्या धुळीत गाडी फिरत असेल तर मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट बघू नका, दर ५,००० किलोमीटरला उघडून बघा. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. आणि बसवताना रबराची कड सगळीकडून बसली का ते बोट फिरवून बघा, नाहीतर धूळ फिल्टरला वळसा घालून सरळ इंजिनात जाते. एसीचा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. वायपर, बल्ब, फ्यूज ही घरचीच कामं. फ्यूज मात्र तेवढ्याच अँपिअरचा. १० च्या जागी ३० चा टाकला तर फ्यूज टिकेल, वायर जळेल.

स्टेपनी बदलताना नट गाडी उचलायच्या आधी ढिले करा. काळ्या जमिनीत जॅक रुततो, खाली जाड फळी ठेवा. आवळताना समोरासमोरचे नट, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही.

आता इंजिन ऑइल. जमतं, पण मी घरी करा असं म्हणणार नाही. पैसे फार वाचत नाहीत आणि ॲल्युमिनियमच्या संपचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या तळपात्राचा) ड्रेन बोल्ट जास्त आवळला की आटे जातात. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहतं, त्यावर नवा बसवला की दोन रबरं होतात आणि ऑइल सगळं रस्त्यावर. शिवाय तीन-चार लिटर काळं ऑइल ओतणार कुठे? बांधावर नको. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, मात्र तुम्हीच बघा: सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून.

ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट, एअरबॅग, सीएनजी, एसीचा गॅस: ही सगळी मिस्त्रीची. ब्रेक ऑइलची लेव्हल उतरली म्हणून वरून भरून गप्प बसू नका. पॅड झिजलेत किंवा गळती आहे, दोन्हीत चाक उघडावंच लागतं.

मिस्त्रीकडे गेल्यावर उपाय सांगू नका, लक्षण सांगा. "पॅड बदला" म्हणालात तर तो पॅड बदलेल आणि आवाज तसाच राहील. "सकाळी थंड असताना, डाव्या पुढच्या चाकातून, हळू ब्रेक मारला की चरचर येते, गरम झाल्यावर जाते" असं सांगितलं की त्याचा अर्धा तास वाचतो. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र असेल तर कोड दाखवा, पण पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसफायर, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नाही, एवढंच. प्लग गेलाय, कॉइल गेलंय की इंजेक्टर, ते तो शोधेल. कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर टाकून कोड सरकतो का (सरकला तर दोष कॉइलचा) हे बघणारा मिस्त्री भेटला, तर त्याला सोडू नका.

कामाआधी अंदाज विचारा, पार्ट कंपनीचा की बाहेरचा ते ठरवा, जुना पार्ट परत मागा. वॉरंटीत गाडी असेल तर बिल जपा. आणि पैसे द्यायच्या आधी मिस्त्रीला शेजारी बसवून, तुमची तक्रार ज्या परिस्थितीत यायची तशीच गाडी एकदा फिरवून आणा.