पडद्यासाठी परदेश

(दृश्य: लोझान, जिनिव्हा सरोवराच्या वर चढत गेलेली वस्ती, जुनं नेत्र रुग्णालय.)

स्वित्झर्लंडमधलं लोझान. १९२० च्या दशकात इथे लांबून लांबून माणसं यायची. कुणाच्या डोळ्यापुढे खालून सावली चढत होती, कुणाला समोरच्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. आपापल्या गावच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, आता इलाज नाही.

डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा, तसा तो कधी कधी मागच्या आवरणापासून सुटतो. त्याचं बरंचसं पोषण त्या आवरणातूनच येतं. ते तुटलं, की प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरू लागतात. त्या काळी यावर उपचार म्हणून रुग्णाला आठवडेच्या आठवडे उताणं निजवून ठेवत. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मीठ बंद, घाम काढणारी औषधं. एवढं सोसूनही नजर परत येणं म्हणजे चमत्कारच मानला जाई.

लोझानचे डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी वर्षानुवर्षं असे डोळे तपासले आणि एक गोष्ट ठामपणे मांडली: पडदा आधी फाटतो. त्या फटीतून डोळ्यातलं पाणी मागे शिरतं आणि म्हणून तो सुटतो. तेव्हाच्या बहुतेक जाणकारांना फट हा परिणाम वाटत होता, गोनँना ती कारण दिसली. मग इलाजही स्पष्ट होता. फट शोधायची आणि तीच बंद करायची.

हे वाचायला सोपं वाटतं. तेव्हा हातात होता फक्त एक छोटा ऑफ्थाल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत डोकावायचं उपकरण. त्यातून एका वेळी पडद्याचा लहानसा तुकडा दिसायचा. गोनँ तासन् तास पाहत, कागदावर चित्र काढत, फट नेमकी कुठल्या रेषेवर आणि किती मिलिमीटर आत आहे याचं गणित मांडत. मग डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या आवरणाला बरोबर त्याच जागी छेद देऊन, तापवून लाल केलेलं टोक क्षणभर आत घालत. भाजलेली जागा व्रण धरायची, आणि त्या व्रणाने पडदा चिकटायचा. जागा थोडी जरी चुकली, तरी सगळं वाया. तरीही निम्म्याच्या आसपास डोळे वाचू लागले. जिथे हजारात एखादा वाचत होता, तिथे.

१९२९ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेत इतर देशांच्या शल्यविशारदांनी उभं राहून सांगितलं, की आम्हीही गोनँच्या पद्धतीने पडदे बसवले आहेत. मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. लोझानला रुग्ण येत होते तसे डॉक्टरही येत होते. बार्सिलोनाचे अरुगा आले, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे वेव्ह आले. ते शिकून परतले, तेव्हा त्यांच्या देशातल्या रुग्णांचा स्वित्झर्लंडचा प्रवास वाचला.

(दृश्य: बॉस्टन, मग चेन्नई. जुनी छायाचित्रं.)

पुढे ही वाट अटलांटिक ओलांडून गेली. चार्ल्स शेपन्स हे बेल्जियमचे नेत्रवैद्य. दुसऱ्या महायुद्धात खोटं नाव घेऊन पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी त्यांनी लाकडाची गिरणी चालवली आणि तिच्या आडून शंभराहून अधिक माणसांना सीमेपार स्पेनमध्ये पोचवलं. युद्ध संपल्यावर त्यांनी दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असा, डोक्यावर बांधायचा ऑफ्थाल्मोस्कोप तयार केला. पडद्याच्या अगदी कडा, जिथे फटी जास्त पडतात, त्याही आता खोलीसकट दिसू लागल्या. १९४७ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि बॉस्टन हे पडद्याच्या शस्त्रक्रियेचं तीर्थक्षेत्र झालं. १९७० मध्ये मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी आणखी पुढची पायरी गाठली. डोळ्यातला जेलीसारखा द्रव आत शिरून काढायचा, म्हणजे व्हिट्रेक्टॉमी. त्या यंत्राची पहिली परीक्षा त्यांनी अंड्यातल्या पांढऱ्या बलकावर घेतली होती.

शेपन्स यांच्या हाताखाली चेन्नईचा एक तरुण शिकत होता. सेंगामेडू श्रीनिवास बद्रिनाथ. ते भारतात परतले आणि १९७८ मध्ये त्यांनी चेन्नईत शंकर नेत्रालय उभं केलं. त्याआधी आपल्याकडच्या ज्या कुटुंबाला परवडे, ते पडद्याच्या अवघड शस्त्रक्रियेसाठी परदेश गाठायचं, आणि ज्याला परवडत नसे, तो डोळा गमावायचा.

आज त्याच चेन्नईत नुंगमबाक्कम आणि ग्रीम्स रोडच्या गल्ल्यांत फिरा. लॉजवर बंगाली पाट्या, खानावळीत माशाचं झोल आणि भात. बांगलादेशातून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक इथे आठवडेच्या आठवडे राहतात. त्यांच्यासाठी परदेश म्हणजे हेच शहर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बांगलादेशात सत्ता उलथली, त्यानंतर व्हिसा मिळणं अवघड झालं, तेव्हा या गल्ल्या ओस पडू लागल्या. डोळ्याचा आजार मात्र राजकारण निवळेपर्यंत थांबत नाही.

(दृश्य: पालथं झोपलेला रुग्ण, मनगटाला पट्टी.)

आता जी गोष्ट तिकीट काढण्याआधी प्रत्येकाला ठाऊक असायला हवी, ती नीट ऐका. शस्त्रक्रियेच्या शेवटी पडदा दाबून धरायला डोळ्यात अनेकदा गॅस भरतात. रुग्णाला पालथं झोपायला सांगतात ते यासाठीच, कारण गॅसचा बुडबुडा वर चढतो आणि फट झाकतो. एक गॅस साधारण दोन आठवडे टिकतो, दुसरा सहा ते आठ आठवडे. तोवर विमानात बसायचं नाही. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा इतका कमी असतो. बुडबुडा एक तृतीयांशापर्यंत फुगू पाहतो, डोळ्याला मात्र फुगायला जागा नसते. आतला दाब चढतो, पडद्याचा रक्तपुरवठा थांबू शकतो, आणि वाचवलेली नजर कायमची जाते. मनगटावर पट्टी बांधतात ती हेच सांगायला. दुसऱ्या कुठल्या कारणाने भूल द्यायची वेळ आली, तरी नायट्रस ऑक्साइड चालत नाही. मुंबईत हा गॅस भरून घेतलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय महाबळेश्वरचा घाटही चढू नये.

म्हणून चेन्नईहून ढाक्याला परतणाऱ्याला रेल्वे बरी पडते. किनाऱ्याकिनाऱ्याने हावडा, तिथून पेट्रापोलची सीमा, पुढे बस. ज्याला समुद्र ओलांडून विमानानेच जायचं आहे, त्याच्या डोळ्यात कधी कधी गॅसऐवजी सिलिकॉन तेल भरतात. ते दाबाने फुगत नाही. पण काही महिन्यांनी ते काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते, म्हणजे पुन्हा प्रवास. हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

आणि घड्याळ विसरू नका. डोळ्यापुढे अचानक ठिणग्या चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा सडा पडला, एका बाजूने सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जाड नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी, मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी तर जास्तच सावध असावं. पडद्याचा मधला, बारकावे टिपणारा भाग, म्हणजे मॅक्युला, अजून चिकटलेला असेल, तर एकेक दिवस मोलाचा असतो. अशा वेळी पासपोर्ट शोधत बसण्यापेक्षा मुंबई, पुणे किंवा हैदराबादमधला पडद्याचा शल्यविशारद गाठणं हजार पटीने शहाणपणाचं.

परदेशाचा विचार करावा असे आजार वेगळे आहेत. ते हळू चालतात, आनुवंशिक असतात. आरपीई६५ या जनुकात दोष असलेल्या मुलांची नजर संधिप्रकाशात आधी जाते. त्यांच्यासाठी लक्स्टर्ना या जनुकीय उपचाराला अमेरिकेत १९ डिसेंबर २०१७ रोजी मंजुरी मिळाली. व्हिट्रेक्टॉमी करून पडद्याखाली औषध सोडतात. तेव्हा जाहीर झालेली किंमत होती दोन्ही डोळ्यांची मिळून ८,५०,००० डॉलर. पडद्यात जिवंत पेशी उरल्या असतील तरच त्याचा उपयोग. आणि दोष याच जनुकात हवा, हे तर रक्ताच्या तपासणीतून इथेच कळू शकतं.

याच २०१७ मध्ये अमेरिकेतच एक भयंकर प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. फ्लोरिडातल्या एका खासगी क्लिनिकने तीन वयस्कर महिलांच्या डोळ्यांत स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, इंजेक्शनं दिली होती. त्यांच्याकडून प्रत्येकी ५,००० डॉलर घेतले होते. दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी. तिघींची नजर जवळजवळ गेली. लक्स्टर्नाचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, की दुसऱ्याला किमान सहा दिवस हात लावत नाहीत. कुठलंही केंद्र दोन्ही डोळे एकदम उरकून देतो म्हणालं, तर तिथून उठा, आणि फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.