पेशीत शिरलेला, तरीही अडलेला विषाणू

विषाणू पेशीत शिरला, असं आपण सहज म्हणून जातो. पण शिरला म्हणजे नेमकं कधी? आज मला त्या क्षणाबद्दल बोलायचं आहे, कारण आपल्या शरीराने एक पहारेकरी नेमका तिथे बसवला आहे.

इन्फ्लुएंझाचं उदाहरण घेऊ. श्वसनमार्गातल्या पेशींवर सियालिक आम्ल असतं, त्याला हा विषाणू चिकटतो. मग पेशी स्वतःच त्याला आपल्या आवरणाच्या छोट्या पिशवीत, म्हणजे एंडोसोममध्ये, ओढून घेते. तो आत आलेला असतो, पण त्याची जनुकं अजून त्याच्याच वेष्टनात बंद असतात. पिशवीतली आम्लता वाढत पीएच 5 च्या आसपास आला, की विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आकार बदलतं आणि पिशवीच्या पडद्यात रुततं. विषाणूचं वेष्टन आणि हा पडदा आधी अर्धवट जुळतात, मग तिथे छिद्र पडतं. त्या छिद्रातून जनुकं बाहेर पडली, की लागण झाली.

अर्धवट जुळणं आणि छिद्र पडणं, यांच्या मधे आडवं येतं आयएफआयटीएम-3 हे प्रथिन. अवघ्या 133 अमिनो आम्लांचं! ते पिशवीच्या पडद्यातच रुतून बसतं आणि पडदा ताठर करतं. थिजलेलं तूप जसं वाटीतून ओघळत नाही, तसा तो पडदा वळायला, पूर्ण जुळायला तयार होत नाही. छिद्र पडत नाही, आणि अडकलेल्या विषाणूचा पुढे लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, चुरा होतो. प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस लागतात. हे काम त्याआधीच सुरू झालेलं असतं. इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणू आल्याची खबर देणाऱ्या प्रथिनाचा, इशारा मिळाला की पेशी हे प्रथिन भराभर बनवते. इंटरफेरॉन 1957 मध्येच सापडलं होतं, पण ते विषाणूला कसं रोखतं यातला हा दुवा हाती यायला 2009 उजाडलं. अमेरिकेत अब्राहम ब्रास, स्टीफन एलेज आणि त्यांचे सहकारी मानवी पेशींतली जनुकं एकेक करून गप्प करत होते. आयएफआयटीएम-3 गप्प केल्यावर फ्लूची लागण वाढली. या प्रथिनाचं कुटुंब, म्हणजे आयएफआयटीएम प्रथिनं, डेंग्यूलाही अडवतं, हे त्याच कामात दिसलं.

तेच वर्ष पुण्याने कसं काढलं, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यात झाला. कुणाला चार दिवस ताप, तर कुणी धडधाकट माणूस थेट अतिदक्षता विभागात. असं का, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना छळत होता. 2012 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना, त्या साथीत रुग्णालयात दाखल झालेल्यांत आयएफआयटीएम-3 च्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार जास्त आढळला. नंतरचे अभ्यास सगळे त्याच्या बाजूने गेले नाहीत, म्हणून मी ते पूर्ण उत्तर मानत नाही. पण हे जनुक नसलेले उंदीर फ्लूने फार गंभीर आजारी पडतात, हा पुरावा मला भक्कम वाटतो.

पहारा अभेद्य मात्र नाही. लासा तापाचा विषाणू याला जुमानत नाही. सर्दी करणारा ओसी-43 हा कोरोनाविषाणू तर आत शिरायला याच कुटुंबाची मदत घेतो.

मग हे प्रथिन वाढवणारं औषध का नको? गर्भाला पोसणारी वार तयार होताना गर्भाकडच्या पेशी एकमेकींत मिसळून सलग थर बनतो. पडद्याने पडद्यात मिसळण्याचीच ही क्रिया आहे, आणि आयएफआयटीएम तीही रोखतं. 2019 मध्ये हे प्रयोगातून दिसलं. तेव्हा असं औषध बनवायचं झालं, तर त्याचा परिणाम श्वसनमार्गापुरता ठेवता येतो का आणि गर्भवतीला त्याचा धोका किती, हे आधी तपासावं लागेल.