काकांचा तारा
(दापोलीतल्या एका वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'जुन्या लष्करी रायफलींवरच्या खुणा'. त्याकडे येतोच. आधी आमच्या काकांची ठासणीची बंदूक.

ती काय चीज असते हे तुम्हाला सांगायला नको. डुकरं, वानर, शेतीरक्षणाचा परवाना, आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. काकांच्या बंदुकीनं आमदारापेक्षा जास्त निवडणुका काढल्या.

काका सांगायचे, "पणजोबांनी ही सत्तावनच्या बंडात चालवली. आणि हा तारा बघ मेल्या, शौर्याचा! सरकारनं कोरून दिलेला." नळीच्या बुडाशी खरोखरच सहा टोकांचा तारा होता. मी शाळेत त्यावर भाव खाल्ला.

पुढे थोडी अक्कल आली. एका दुपारी काका पडवीत घोरत होते, मी टॉर्च घेऊन बसलो. घोड्याच्या मागं मुकुट, खाली व्ही. आर., म्हणजे व्हिक्टोरिया राणी. पुढच्या बाजूला 'टॉवर', म्हणजे लंडनच्या सरकारी शस्त्रागाराचं नाव, आणि १८६२. पणजोबांनी चालवलेली बंदूक बंडानंतर पाच वर्षांनी जन्माला आली होती! नळीत बोट घातलं (रिकामी आहे ना ते बघून, बरं का), तर आत पीळदार खाचाच नाहीत, सगळं गुळगुळीत. बंडानंतर हिंदी शिपायांना मुद्दाम अशा नळ्या दिल्या. नेम लांबवर लागायला नको ना. आणि तारा? सरकारी मालावर तीन रेघांचा बाण ठोकत. माल विकायला काढला की दुसरा बाण, टोकाला टोक भिडवून. तीन नि तीन सहा. शौर्याचा तारा म्हणजे लष्करातून काढून विकलेली!

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. दसरा. दर दसऱ्याला शस्त्रपूजेआधी राख, चिंच आणि नारळाचा काथ्या घेऊन काकू ती बंदूक पितळी तांब्यासारखी घासायच्या. आज त्या १८६२ मधला २ फक्त मला दिसतो, कारण तो तिथं होता हे मला माहीत आहे. घासू नका हो! चिमूटभर खडूची पूड चोळा, खोलीत अंधार करा, टॉर्च आडवा धरा; पुसट अक्षर सावलीत उठतं.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, भरभर.

ली-एनफिल्ड, म्हणजे ब्रिटिश लष्कराची जुनी रायफल; तिच्यावर बोल्टच्या (गोळी आत सरकवणाऱ्या खिट्टीच्या) दांडीखाली उजव्या अंगाला बघा. ई. आर. म्हणजे एडवर्ड, १९०१ ते १९१०, पुढं जी. आर., जॉर्ज. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याचा माल असेल तर जी. आर. आय.; तो आय 'इम्पेरेटर'चा, म्हणजे बादशहाचा. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. डी. पी. दिसलं तर ती फक्त कवायतीची, गोळी घालू नका. एफ. आर. म्हणजे कारखान्यात दुरुस्त केलेली. तिथला साल दुरुस्तीचा, जन्माचा नव्हे. बॉडी, बोल्ट, नळी यांचे नंबर जुळवून बघा. तिघांचे तीन असतील तर एका सालावरून सगळ्या बंदुकीचं वय सांगू नका.

आणि 'मार्क तीन' या ली-एनफिल्डच्या नमुन्याच्या नावापुढं चांदणी दिसली तर भाळू नका. पहिल्या महायुद्धात रायफली घाईनं हव्या होत्या, म्हणून मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी आणि लांब पल्ल्याच्या माऱ्यासाठी नेम धरायची माशी वगळायला लागले. त्याची ती खूण. काकांना हेही सांगायचं होतं, पण तोवर ते नुकते कुठं बोलायला लागले होते.