एकसारख्या चालणाऱ्या नाडीची भीती

श्रोतेहो, बोलण्याआधी एक विनंती करतो. उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा, आणि नाडी लागली की सावकाश खोल श्वास घेऊन तितक्याच सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित घाईने पडतात, सोडताना रेंगाळतात. तरुणांना हे पटकन जाणवेल. माझ्या वयाच्या मंडळींना जाणवले नाही तरी त्यात घाबरण्यासारखे काही नाही, वयाबरोबर हा डोल कमी होतोच. हृदयातला सायनस नोड, म्हणजे ठोके सुरू करणारा पेशींचा पुंजका, मोकळा सोडला तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. विश्रांतीत आपली नाडी सत्तरच्या आसपास राहते, ती मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूने धरलेल्या लगामामुळे, आणि दर श्वासागणिक तो लगाम सैल-घट्ट होत असतो. हे काम रसायनाकरवी चालते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवले : एकाचा व्हेगस उत्तेजित केला, त्याच्यातले द्रावण दुसऱ्याला दिले, आणि दुसरेही मंदावले.

तीव्र जंतुसंसर्गात, म्हणजे सेप्सिसमध्ये, हा डोल हरवतो. आणि आम्ही डॉक्टर मात्र तासाला एक आकडा लिहून त्यालाच नाडी म्हणतो. माझी तक्रार आहे ती याविषयी.

ही तक्रार माझ्या मनात कधी रुजली ते सांगतो. मी रेसिडेंट असताना मुतखड्यामुळे मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झालेला एक शेतकरी आमच्या आयसीयूत होता. रात्री दोनला नाडी ११८, तीनला ११८, चारलाही ११८. रक्तदाब बरा होता, म्हणून मी केस पेपरवर ‘प्रकृती स्थिर’ असे लिहिले. रात्रपाळीच्या ज्येष्ठ सिस्टर मॉनिटरपाशी बराच वेळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, आवाज ऐका जरा. श्वास वरखाली होतोय, कूस बदलली, मी सुई टोचली, तरी ठोका जागचा हलत नाही. मला हे बरं दिसत नाही.” मी ईसीजीची पट्टी काढली. लागोपाठच्या दोन ठोक्यांच्या टोकांमधले अंतर पावणेतेरा मिलिमीटर, पुढचेही पावणेतेरा, त्याच्या पुढचेही तेवढेच. मी ती पट्टी घडी करून खिशात ठेवली आणि वरिष्ठांना फोन केला नाही. पहाटे साडेपाचला रक्तदाब कोसळला आणि दोन दिवसांनी तो गृहस्थ गेला. वेळीच हालचाल केली असती तर तो नक्की वाचला असता, असे मी म्हणत नाही. पण मधला दीड तास आमच्या हातात होता आणि तो आम्ही ‘स्थिर’ या शब्दावर घालवला, ही गोष्ट मला आजही सोडत नाही.

वेळ संपत आल्याची अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे हा डोल का हरवतो आणि त्याची भीती का, हा भाग आता भराभर सांगावा लागेल. सेप्सिसमध्ये व्हेगसचा लगाम सुटतो आणि ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिनचा मारा सुरू होतो. तो लांबला की हृदयपेशींवरचे हा हुकूम टिपणारे ग्राही (रिसेप्टर) बधिर होतात आणि हुकूम येऊनही पाळला जात नाही. जिवाणूंचे एंडोटॉक्सिन हे विष थेट ठोके सुरू करणाऱ्या पेसमेकर पेशींच्या विद्युतप्रवाहावरही परिणाम करते. सेप्टिक शॉकने, म्हणजे सेप्सिसमध्ये रक्तदाब कोसळून, दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूत, हृदयावर ताबा ठेवणाऱ्या स्वायत्त केंद्रांमधल्या पेशी मेलेल्या आढळल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हुकूम देणारा, तो पोहोचवणारा आणि पाळणारा, तिघेही एकाच वेळी जायबंदी होतात. शिवाय व्हेगस दाहालाही (संसर्गाविरुद्ध शरीरात उसळणाऱ्या प्रतिक्रियेलाही) आवर घालतो, हे केविन ट्रेसी यांच्या गटाने २००० मध्ये उंदरांवर दाखवले. तेव्हा तो गप्प झाला की दाह आणखी भडकण्याचा धोका असतो.

याचा उपयोग काय, तर अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातील मूरमन आणि ग्रिफिन यांनी नवजात बाळांच्या ठोक्यांमधला हरवलेला डोल मोजणारा मॉनिटर तयार केला. दीड किलोहून कमी वजनाच्या ३,००३ बाळांच्या चाचणीत, ज्यांच्या डॉक्टरांना तो आकडा दिसत होता त्या गटात मृत्यूचे प्रमाण ८.१ टक्के राहिले, तर दुसऱ्या गटात ते १०.२ टक्के होते. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढांसाठी मात्र सावध राहावे लागते, कारण मधुमेह, गुंगीची औषधे आणि नुसती वाढलेली नाडीही हा डोल कमी करतात. औषधाने नाडीचा आकडा खाली आणून भागते का, याचेही उत्तर अजून सरळ नाही : एस्मोलॉलच्या २०१३ मधल्या छोट्या चाचणीने आशा दाखवली, तर लँडिओलॉलच्या २०२३ मधल्या चाचणीत फायदा दिसला नाही. माझ्या मते त्यात आश्चर्य नाही, कारण तिथे ठोके कमी केले गेले, त्यांच्यावरचा ताबा परत आला नव्हता.

आयसीयूतला प्रत्येक मॉनिटर दर ठोक्याचे अंतर आजही मोजतो, आणि तासाचा आकडा लिहून झाला की बाकीचे बहुधा कुठेच उरत नाही. ते जपून ठेवा, एवढी मागणी मी गेली कित्येक वर्षे करतो आहे. दोन पट्ट्या इथे टेबलावर ठेवल्या आहेत, एक माझी आणि एक त्या रात्रीची, नाव कापून काढलेली. शेजारी फूटपट्टी आहे. जाताना अंतरे मोजून पाहा.