पोटगीची थकबाकी : देणे किती आणि झेपते किती

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाच्या पोटगीच्या थकबाकीवरून वाद सुरू झाला की दोन प्रश्न एकमेकांत गुंततात. नेमके किती देणे आहे, हा पहिला. आणि आपल्याला किती झेपेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आदेशात, पावत्यांत आणि बँकेच्या खातेउताऱ्यात असते, तर दुसऱ्याचे घरखर्चाच्या वहीत. ज्याचा हात तंग आहे तो पालक साहजिकच दुसऱ्याचे उत्तर पहिल्याला देऊ लागतो : माझ्याकडे नाहीच, मग देणे कसले? आणि मूल ज्या घरात वाढते आहे तिथे पैशाची निकड अशी असते की चुकलेल्या प्रत्येक हप्त्याची बेरीज मनात होत राहते, अधूनमधून हातात आलेली रक्कम मात्र तिच्यातून वजा करायची राहून जाते. दोघेही खोटे बोलत नसतात. तरीही त्यांचे आकडे जुळत नाहीत, आणि न जुळलेल्या आकड्यांवर पुढची कितीतरी भांडणे उभी राहतात.

थकबाकी केवळ पैसे चुकवल्यामुळे साठते, असा एक समज आहे. पुष्कळदा ती आदेशाच्या पहिल्याच दिवशी जन्माला येते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात असे ठरवून दिले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. अर्जावर निर्णय व्हायला दीड वर्ष लागले, तर निकाल हाती पडताना दीड वर्षाची रक्कम, मधल्या काळात काही दिले असेल तर ते वजा जाता, थकलेली असते. मूल त्या दीड वर्षातही जेवत आणि शिकत होतेच, म्हणून हा नियम मला न्याय्य वाटतो. पण देणाऱ्याला तो आधी कोणी समजावून सांगितलेला नसेल, तर पहिल्याच नोटिशीत एवढा मोठा आकडा पाहून त्याला आपल्यावर अन्याय झाल्यासारखे वाटते, हेही खरे आहे.

थकबाकीचे दुसरे कारण याहून घातक आहे. नोकरी गेली, पगार घटला, आजारपण आले, की आदेशातली रक्कमही आपोआप कमी झाली असे पालक गृहीत धरतो. आदेश स्वतःहून बदलत नाही. तो बदलून मागावा लागतो. अमेरिकेत १९८६ साली संघीय कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक हप्ता देय तारखेलाच न्यायालयाच्या निवाड्याइतका पक्का होतो. तो मागाहून कमी करता येत नाही. बदलाच्या अर्जाची नोटीस दिल्यानंतरच्या काळापुरतीच काय ती सवलत मिळू शकते. ब्रिटनच्या सध्याच्या योजनेत वार्षिक आढाव्याआधी मध्येच रक्कम बदलून हवी असेल, तर उत्पन्नात साधारणपणे किमान २५ टक्के फरक पडलेला असावा लागतो. भारतातही परिस्थिती बदलल्याचे दाखवून त्याच न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. म्हणून उत्पन्न घटल्यावर पहिला आठवडा नातेवाइकांना सांगण्यात न घालवता तो अर्ज लिहिण्यात घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक महिना पूर्ण रकमेनिशी खात्यावर चढत असतो.

आता हिशेब कसा मांडायचा ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. ठरलेली रक्कम दरमहा १०,००० आहे आणि २४ महिने झाले, म्हणजे एकूण देणे २,४०,००० झाले. बँकेतून १४ हप्ते गेले आहेत. घेणारी आई म्हणते, १,००,००० येणे आहे. देणारा बाप म्हणतो, काहीच देणे नाही. ४०,००० मी शाळेत परस्पर भरले, २०,००० रोख दिले आणि ४ महिने मला नोकरीच नव्हती. या अवस्थेत दोघे पुढची दोन वर्षे भांडू शकतात. पण महिन्याला एक ओळ अशी वही घातली आणि प्रत्येक ओळीत देय रक्कम, दिलेली रक्कम, दिल्याची तारीख आणि पुरावा असे चार रकाने आखले, तर त्या १,००,००० चे तुकडे वेगळे दिसू लागतात. रोख दिलेल्यांपैकी १०,००० मिळाल्याचा तिचा संदेश फोनवर सापडतो. तेवढे वजा झाले. नोकरी नसलेल्या ४ महिन्यांचे ४०,००० देणे आहेच, कारण त्या काळात बदलाचा अर्ज झालेला नव्हता. उरले शाळेचे ४०,००० आणि पुरावा नसलेले रोख १०,०००. खरा वाद आहे तो एवढ्या ५०,००० पुरता.

शाळेच्या रकमेबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण सर्वात जास्त कटुता तिथेच असते. मुलासाठी थेट केलेला खर्च हा पोटगीत धरला जाईलच असे नाही. आदेशात तशी तरतूद आहे का, दुसऱ्या पालकाने आधी संमती दिली होती का, यावर ते अवलंबून असते, आणि वाढदिवसाच्या भेटवस्तू किंवा सहलीचा खर्च तर बहुधा धरलाच जात नाही. ज्याने मनापासून मुलाची फी भरली त्याला हे ऐकणे जड जाते. पण घेणाऱ्या घराच्या बाजूने पाहा : घरभाडे आणि किराणा त्या महिन्यातही द्यावा लागलाच, आणि त्यासाठी हाताशी असायला हवी होती ती रक्कम दुसरीकडे वळली. यापुढे थेट खर्च करायचा असेल तर आधी लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

नोकरी नसलेल्या महिन्यांच्या ज्या ४०,००० बद्दल मतभेद उरला नाही, ते फेडायला लगेच सुरुवात करावी. वादातल्या भागाचा निकाल लागेपर्यंत सगळेच अडवून धरणे हे मला व्यवहाराच्या दृष्टीनेही चुकीचे वाटते, कारण वसुली करणारी यंत्रणा किंवा न्यायाधीश सर्वप्रथम हेच पाहतात की माणूस देत होता की टाळत होता. चालू महिन्याचा हप्ता आधी, थकबाकीचा तुकडा नंतर. आणि बँकेतून पैसे पाठवताना कोणती रक्कम कशापोटी हे शेऱ्यात लिहावे. घरखर्चातून दरमहा २,५०० निघत असतील तर ४०,००० फिटायला १६ महिने लागतील. हा काळ लांब वाटतो. पण भीतीपोटी दरमहा १०,००० कबूल करून तिसऱ्या महिन्यात बंद पडणाऱ्यापेक्षा २,५०० देत राहणाऱ्याचा शब्द अधिक टिकतो.

तो २,५०० चा आकडा पटवून देण्यासाठी उत्पन्न आणि खर्च दोन्ही उघडे ठेवावे लागतात. पगारपत्रक, घरभाडे, औषधे, दुसऱ्या मुलांचा खर्च, कर्जाचे हप्ते, सगळे एका कागदावर यावे. इथे एक अवघड गोष्ट सांगतो : क्रेडिट कार्डाचा किंवा वाहनकर्जाचा हप्ता पोटगीच्या आधी ठेवलेला दिसला, तर तुमची बाजू कमजोर होते. कायदा देणाऱ्याला उपाशी ठेवू पाहत नाही, एवढे मात्र नक्की. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पोटगीच्या हुकूमनाम्यासाठीही पगाराचा एक तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. अमेरिकेत संघीय कायद्याची कपातीची मर्यादा परिस्थितीनुसार हातात येणाऱ्या पगाराच्या ५० ते ६५ टक्के आहे. या मर्यादा बऱ्याच वरच्या आहेत, म्हणून कपातीचा आदेश येण्याआधीच आपण हप्ता सुचवलेला बरा.

घेणाऱ्या पालकासाठीही काही सांगायचे आहे. थकबाकी हातात येईपर्यंत तिला महिन्याच्या जमेत धरू नका. तिच्या भरवशावर उसने घेतले तर दुसरे देणे उभे राहते. थोडी रक्कम आली तर अवश्य घ्या, मात्र पावतीवर ‘उर्वरित रकमेवरील हक्क राखून’ असे लिहा आणि ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कागदावर विचार न करता सही करू नका. मुदतींकडे लक्ष असू द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली वसुलीचे वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. १ जुलै २०२४ पूर्वी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्येही हीच मुदत होती. त्या वर्षात अर्ज झाला आणि देणारा तुरुंगात जाऊन आला, तरी देणे संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे.

पैसे आले नाहीत म्हणून मुलाची भेट अडवू नये, आणि भेट मिळाली नाही म्हणून पैसे अडवू नयेत. या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत, कारण दोन्हींचा हक्कदार मूल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे कलम २७ पालकांकडून मुलाच्या निर्वाहाची वसुली व्हावी म्हणून राज्यांवर जबाबदारी टाकते, तेही मुलाच्या पुरेशा राहणीमानाच्या हक्काचा भाग म्हणून. मुलाच्या हातून निरोप किंवा पाकिटे पाठवणे तर दोघांनीही आजपासून थांबवावे. थकबाकीचा आकडा नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पाठ असणे, ही मला या वादातली सर्वात दुःखद गोष्ट वाटते.

शेवटचा हप्ता फिटला की थकबाकी उरली नाही असे लेखी घ्यावे, पगारातून कपात चालू असेल तर ती थांबवण्यासाठी त्या कागदाची प्रत यंत्रणेकडे आणि मालकाकडे द्यावी, आणि ती वही मूल सज्ञान झाल्यावरही फेकू नये, कारण जुन्या हप्त्यांची मागणी मुलाच्या वाढदिवसाबरोबर आपोआप मिटत नाही.

नमस्कार.